कचेरीत बजावलेली नोटीस

देवकीच्या नवऱ्याला पाठवलेली नोटीस दुसऱ्यांदा परत आली. डहाणूच्या कोर्टाच्या व्हरांड्यात श्रुतिका तिच्या शेजारीच बसली होती. पाकिटावर शेरा होता, ‘घरास कुलूप’. देवकीने तो सावकाश वाचला. त्या घराला कुलूप कधीच नसतं, सासू दिवसभर ओट्यावर बसलेली असते, एवढंच ती म्हणाली.

श्रुतिका कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला होती. वडील रेल्वेत, घर डहाणू रोड स्टेशनजवळ. नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध ज्या बायका कोर्टाची पायरी चढत, त्यांच्यासोबत तिच्या कॉलेजची मुलं आळीपाळीने बसत. त्यांचे कागद सांभाळायचे, पुकारा झाला की त्यांना आत न्यायचं आणि आत काय ठरलं ते बाहेर आल्यावर समजावून सांगायचं. कोर्टापुढे बोलायचं काम वकिलांचं. श्रुतिकाने फक्त सोबत करायची.

देवकीचं माहेर चिंचणीला. बाप आणि भाऊ मोरू बोटीवर जायचे, आई मासळी सुकवायची. नवरा दीपेश तलासरीत सरकारी कचेरीत कारकून. नोकरीवाला जावई मिळाला म्हणून घरचे हरखून गेले होते. त्या जावयाने नऊ वर्षं हात उगारला आणि जानेवारीत तिचं मनगट मोडलं. डॉक्टरांना मोरीत घसरले असं सांग, असं त्याने रिक्षातच बजावलं होतं. तिने तसंच सांगितलं. प्लास्टर निघायच्या आत ती माहेरी आली, पण सहा वर्षांच्या उन्नतीला त्याने ठेवून घेतलं. चार महिने झाले, मायलेकींची गाठ नव्हती. देवकीने कोर्टात अर्ज केला होता, पण नोटीस बजावली जात नव्हती, त्यामुळे तारखेमागून तारखा पडत होत्या.

त्या संध्याकाळी श्रुतिकाने कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे नियम पुन्हा पहिल्या पानापासून वाचले. नोटीस घरीच द्यावी असं त्यात कुठेच नव्हतं. माणूस नोकरी करतो तिथेही ती बजावता येत होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती अशा नोटिसा बजावणाऱ्या संरक्षण अधिकारी भारती मॅडमकडे गेली. मॅडमकडे दोन तालुक्यांचा भार होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि अडचण सांगितली. त्यांनी दीपेशला कधी पाहिलेलं नव्हतं, आणि तो मी नव्हेच असं कोणी म्हटलं की हात हलवत परतावं लागतं. ओळख पटवणारं कोणी सोबत हवं.

श्रुतिकाने फोन करून देवकीला हे सांगितलं. भावाला पाठवा असं सुचवायचं तिच्या ओठांवर होतं. देवकी त्याआधीच म्हणाली, “मी येते.”

मोरूला हे पसंत नव्हतं. चारचौघांत शोभा होईल, जावयाची नोकरी जाईल, असं तो म्हणत राहिला. देवकीने सकाळची एसटी धरली. डहाणूला श्रुतिका आणि भारती मॅडम चढल्या.

तलासरीला उतरल्यावर मात्र देवकी पुढे निघेना. हायवेवरून ट्रक धडधडत जात होते. ती स्टँडच्या कठड्याला धरून उभी राहिली. परत जायचं असेल तर जाऊ या, असं श्रुतिकाने मनापासून सांगितलं. देवकीने नकारार्थी मान हलवली, नळावर तोंड धुतलं, पदर खोचला आणि पुढे चालू लागली.

कचेरीत दीपेश खिडकीजवळच्या टेबलावर होता. देवकीने बोट दाखवलं नाही. ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. भारती मॅडमनी ओळखपत्र दाखवून नोटीस पुढे केली, तशी आजूबाजूची टंकलेखनाची टकटक थांबली. दीपेश हसला. खालच्या आवाजात देवकीला म्हणाला, “इथे तमाशा नको. घरी ये, घरी बोलू.”

“घरीच बोलत होतो आपण नऊ वर्षं,” देवकी म्हणाली. तिचा आवाज शेवटच्या टेबलापर्यंत पोचला. “हे माझं मनगट बघा. मी मोरीत घसरले नव्हते. सही करा.”

पलीकडच्या टेबलावरच्या वयस्कर बाईंनी आपलं पेन उचललं आणि त्याच्यापुढे ठेवलं. त्याने सही केली.

पुढच्या तारखेला तो वकील घेऊन हजर झाला. आईला उत्पन्न नाही, मुलगी वडिलांकडेच सुखात आहे, असं वकिलाने मांडलं. मॅजिस्ट्रेट बाईंनी देवकीला विचारलं, मुलीचं कसं करणार? श्रुतिका मागच्या बाकावर मुठी आवळून बसली होती. उत्तर तिला पाठ होतं. देवकीने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. आईसोबत मासळी विकते, घर माझ्या आईचं आहे, शाळा चालत दहा मिनिटांवर आहे, असं तिने एकेक सांगितलं. मग डॉक्टरांना खोटं का सांगितलं होतं, तेही न विचारता सांगून टाकलं. चार वाजता अंतरिम आदेश झाला. दीपेशने तिच्या वाटेला जायचं नाही, आणि निकाल लागेपर्यंत मुलगी आईकडे राहील.

दोघी देवकीच्या सासरी उन्नतीला आणायला गेल्या तेव्हा ती धावत आली नाही. आजीच्या मागे उभी राहून बघत राहिली. देवकी ओट्यासमोर उकिडवी बसली आणि वाट पाहू लागली. सोबतचा पोलीस घड्याळ बघत होता. श्रुतिकाने त्याला थांबायची विनंती केली. बऱ्याच वेळाने उन्नती पायरी उतरली आणि तिने आईच्या मनगटावरून हळूच बोट फिरवलं. दुखतं का, असं तिने विचारलं. आता नाही, देवकी म्हणाली.

दीपेशने वरच्या कोर्टात अपील केलं आहे, मूळ अर्जही चालू आहे. जूनमध्ये देवकी मुलीचं नाव घालायला चिंचणीच्या शाळेत गेली, तेव्हा श्रुतिका परीक्षा आटोपून सोबत आली होती. बाईंनी फॉर्म पाहिला आणि वडिलांची सही लागेल म्हणाल्या. श्रुतिकाने बोलायला तोंड उघडलं, पण तोवर देवकीने पिशवीतून आदेशाची प्रत काढून टेबलावर पसरली होती.

“बाई, हे वाचा. सही मी करणार.”

बाईंनी चष्मा लावला, दोन्ही पानं शेवटपर्यंत वाचली आणि पालकाच्या नावासमोरच्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. देवकीने तिथे आपलं नाव पूर्ण लिहिलं.