मुर्मिल्लोच्या कार्डावरची पेन्सिल

मी एक जुने कार्ड आहे आणि तुमच्यावर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. मित्रांनो, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही मला वाचायला हातात घेतले आहे की उलटून पाठीवर सामानाची यादी लिहायला, हे मला कळायला मार्ग नाही. माझ्या शेजारच्या कार्डाची तीच गत झाली होती. पुढून त्याच्यावर एक चांगला घरंदाज लॅटिन शब्द होता आणि मागून साबण, काडेपेटी, बटणे. तेव्हा जरा लांबूनच ऐका.

माझा जन्म एका बाइंडरच्या दुकानात झाला. जाड कागदाच्या एका तावातून आम्ही सोळा भावंडे निघालो. बाइंडरने आम्हाला नीट ठोकून सारखे केले, दोरीने बांधले आणि एका कोशाच्या कार्यालयात पाठवले. तिसऱ्या मजल्यावरची ती लांब खोली होती. भिंतीला लागून लाकडी खण होते, प्रत्येक खणाला पितळेची कडी. तिथे लॅटिन भाषेचा एक मोठा कोश तयार होत होता. एका शब्दाला एक कार्ड, असा हिशेब.

मला लिहिणाऱ्या गृहस्थांना सगळे शंकोबा म्हणत, अर्थात पाठीमागे. समोर कुणाची टाप नव्हती. खुर्चीवर बसण्याआधी ते ती हलवून पाहत. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले की मनगटावरच्या घड्याळातही वाजले आहेत ना, याची खात्री करून घेत. त्यांच्या खिशात एक पेन आणि एक टोकदार पेन्सिल असे. कारण त्या कार्यालयाचा एक नियम होता. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले ते शाईने लिहायचे. जे नुसते मनाला वाटते ते पेन्सिलीने. आणि ज्याची पेन्सिल त्यानेच ती खोडायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही.

माझ्या वाट्याला आलेला शब्द होता मुर्मिल्लो. जुन्या रोममध्ये लोकांच्या करमणुकीसाठी आखाड्यात जिवावर उदार होऊन लढणारे योद्धे असत. त्यांना ग्लॅडिएटर म्हणत, कारण 'ग्लादिउस' म्हणजे तलवार. त्यांच्यातही जाती होत्या. जाळे घेऊन लढणारा तो रेतिआरिउस, कारण 'रेते' म्हणजे जाळे. पाठलाग करणारा तो सेकुतोर. किती सरळ, सज्जन शब्द आहेत पाहा. बाप कोण, हे नावातच सांगतात. मोठी ढाल आणि मोठे शिरस्त्राण घेऊन लढणारा माझा मुर्मिल्लो मात्र पहिल्या दिवसापासून मला संशयास्पद वाटला.

का, ते सांगते. एक तर तो नाव बदलून वावरतो. कुठे मुर्मिल्लो, कुठे मिर्मिल्लो. दुसरे म्हणजे त्याचे व्याकरण. शब्द पुल्लिंगी, तिसऱ्या गणातला, म्हणजे रूपे चालवण्याच्या तिसऱ्या तऱ्हेचा. एकटा उभा असला की मुर्मिल्लो, पण 'मुर्मिल्लोचा' म्हणायचे झाले की मुर्मिल्लोनिस. म्हणजे हा 'न' आधी कुठे होता? खिशात लपवलेला होता. तुम्ही म्हणाल, आपले 'पाणी'सुद्धा 'पाण्याला' म्हणताना रूप बदलते. बदलते, पण ते आपल्यासमोर बदलते. याचा काही नेम नाही. शिवाय लॅटिनमध्ये असे शेवट बरेचदा टोपणनावांना लागतात. मोठ्या नाकाच्या माणसाला नाकावरून नाव पडावे, तसे. आपण ढेऱ्या म्हणतो, टकल्या म्हणतो, त्यातलाच प्रकार. म्हणजे मुर्मिल्लो हेही बहुधा कुणीतरी थट्टेने ठेवलेले नाव असावे. पण कशावरून?

एका प्राचीन ग्रंथकाराने याचे उत्तर दिले आहे. ग्रीक भाषेत 'मोर्मिलोस' नावाचा एक मासा आहे. या योद्ध्याच्या शिरस्त्राणावर मासा असे, म्हणून तो मुर्मिल्लो. लढायला समोर जाळेवाला, इकडे मासा. सगळे कसे जिथल्या तिथे.

"गोष्ट इतकी चपखल बसते ना, तिथेच मला शंका येते," शंकोबा स्वतःशी म्हणाले. तरीही ग्रंथात तसे लिहिलेले त्यांनी स्वतः पाहिले होते, म्हणून नियमाप्रमाणे ते माझ्यावर शाईने लिहिले आणि खाली सही केली.

मग त्यांनी काय केले असेल? लोक सुट्टीत समुद्रावर जातात. हे संग्रहालयांत जाऊ लागले. जिथे म्हणून आखाड्यातले जुने शिरस्त्राण काचेत ठेवलेले असेल तिथे खिशातली छोटी बॅटरी काढायची आणि मासा शोधायचा. पहारेकरी त्यांच्याकडे संशयाने पाहत, ते शिरस्त्राणाकडे संशयाने पाहत. अशी सतरा शिरस्त्राणे त्यांनी पाहिली. शेवटी परत येऊन मला खणातून काढले आणि पेन्सिल दाबून दाबून तीन ओळी लिहिल्या:

'माशाची कथा पटत नाही. मी पाहिलेल्या सतरा शिरस्त्राणांवर मासा नाही. पण माझ्या पाहण्यातही चूक असेल.'

मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. आमच्या खणात इतकी पेन्सिल दुसऱ्या कुणावरही नव्हती.

पण लोकांना मासा आवडत होता. बाहेरचे विद्वान यायचे, मला हातात घ्यायचे, शाईची ओळ वाचून खूश व्हायचे. पेन्सिल वाचून हसायचे. शंकोबांच्या टेबलावर कुणीतरी खडूने मासे काढून ठेवायचे. ते रुमालाने पुसायचे. ते निवृत्त झाले त्या दिवशी हार झाला, भाषणे झाली, आणि ते जिना उतरून गेल्यावर खोलीत बराच वेळ हशा चालला होता. कशाबद्दल, ते मला कळले नाही. खण बंद होता.

त्यानंतरची बरीच वर्षे मी अंधारात काढली. मी पिवळे पडले. माझा एक कोपरा उंदराने नेला. आणि मित्रांनो, अंधारात पडून राहिले की संशयाला दुसरे कामच उरत नाही.

मग एक दिवस शंकोबांची भाची कार्यालयात नोकरीला लागली. मामांवर गेली असेल, असे मला वाटले होते. पण पहिल्याच दिवशी तिच्या खिशात मी काय पाहिले? खोडरबर. पांढरे, नवे, चांगले मोठे. कार्डावरचे बोटांचे डाग ती हलक्या हाताने पुसायची. आज डाग पुसते आहे, उद्या माझ्या तीन ओळींवर येणार, हे मी ओळखले. ती खण उघडायची तेव्हा मी शेजारच्या कार्डाला चिकटून बसायचे.

त्याच सुमारास कार्डांचे फोटो काढणारा एक तंत्रज्ञ आला. कोश छापायला जाणार होता. माणूस फार अदबीचा. हातात सुती मोजे घालायचा, आम्हाला कडेने उचलायचा, झगझगीत दिव्याखाली अलगद ठेवायचा. मला तो एकदम आवडला. आयुष्यात एकदाच मी कुणावर डोळे झाकून विश्वास ठेवला, आणि नेमके तिथेच फसले.

फोटो झाले आणि आम्हाला पोत्यांत भरून जिन्याशी ठेवले. आता आमचे काम संपले होते. दोन दिवसांनी रद्दीची गाडी येणार होती. मी पोत्यात उलटे पडून होते. तेवढ्यात भाचीचा आवाज ऐकू आला. तिच्या हातात छपाईआधीचा तपासणीचा कागद होता.

"इथे मामांची पेन्सिल कुठे गेली?" तिने तंत्रज्ञाला विचारले.

"पेन्सिल? ती मशीनमध्ये येतच नाही, ताई. शाई तेवढी उचलायची, बाकीचा मळ काढून टाकायचा, असं सेटिंग केलंय. बघा ना, किती स्वच्छ आलंय."

"मळ नव्हता तो."

"मला कुणी सांगितलंच नाही. मी विचारलं होतं, काय ठेवायचं. म्हणाले, अक्षरं ठेव."

तो खरेच सांगत होता. भाची तशीच मुख्य संपादकांच्या टेबलाकडे गेली. टेबल पोत्यांपासून चार पावलांवर होते, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"सर, ही नोंद अशी छापता येणार नाही. मासा होता म्हणून ठोकून दिलंय आणि खाली मामांची सही आहे. ज्या गोष्टीवर त्यांचा जन्मभर विश्वास बसला नाही, ती त्यांच्याच नावावर जाणार."

"अगं, पण शाईत तेच लिहिलंय ना त्यांनी?" संपादक म्हणाले. "पेन्सिल छापायची नाही, हा पहिल्यापासूनचा रिवाज आहे. त्यांचाच लाडका नियम. आता मी तो त्यांच्यासाठी मोडू?"

"तुम्ही सगळे त्यांना हसलात, सर. निरोपाच्या दिवशी त्यांच्या टोपीला मागून कागदी मासा टाचून पाठवलंत. ते तसेच रस्त्याने घरी आले. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. दारात मी तो काढून घेतला. त्यांना अजून माहीत नाही."

म्हणजे तो हशा त्याचा होता. संपादकांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "शाईत आणून दे. त्यांच्या हातचं, त्यांच्या सहीचं. उद्या दुपारी चारला कागद छापखान्यात जातील. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

भाचीने पोती उपसायला सुरुवात केली. तिसऱ्या पोत्यात मी सापडले. तिने मला पर्समध्ये टाकले, नेमके त्या खोडरबराच्या शेजारी. रात्रभर मी त्याला पाठ लावून पडून होते. ही मला पळवून नेते आहे, आता पुरावाच नाहीसा करणार, असेच मला वाटत होते. तिचे बोलणे मी ऐकले होते, तरीही. संशयाची सवय एका दुपारी सुटत नाही.

मामा आता दूर गावी राहत; सकाळी तिथे पोहोचताच तिने मला त्यांच्या हातात दिले. ते खिडकीशी बसले होते. किती वाळले होते ते. डोळे जवळजवळ गेलेले, समोरचे माणूस आवाजावरून ओळखायचे. त्यांनी माझ्यावरून बोट फिरवले. पेन्सिल इतकी दाबून लिहिली होती की तिच्या खाचा उमटल्या होत्या. बोटाने ते एकेक अक्षर वाचत गेले.

"मुर्मिल्लो," ते म्हणाले. "हा अजून आहे?"

भाचीने त्यांना सगळे सांगितले. टोपीचे तेवढे सोडून.

"मग बरोबरच आहे मशीनचं," मामा म्हणाले. "पेन्सिल म्हणजे मनातलं. मनातलं छापत नसतात."

"मामा, सतरा शिरस्त्राणं तुम्ही मनात पाहिली का?"

त्यांचे बोट पुन्हा दुसऱ्या ओळीवर गेले. तीच पुढे म्हणाली,

"डोळ्यांनी पाहिली. काचेला नाक लावून पाहिली. तुमचाच नियम ना, पाहिलेलं शाईत? मग पुस्तकातला मासा शाईत आणि तुमचे डोळे पेन्सिलीत, असं कसं?"

स्वयंपाकघरातून तिची आई, म्हणजे मामांची धाकटी बहीण, हात पुसत बाहेर आली. "दादा, आयुष्यभर तू सगळ्या जगाची खात्री करून घेतलीस. स्वतःवर तेवढा कधी विश्वास ठेवला नाहीस. लिही आता. पोरीला उशीर होतोय."

"सतराच पाहिली गं मी. अठरावं असेल कुठेतरी, त्याच्यावर मासा असेल."

"मग तसं लिही ना," बहीण म्हणाली. "सतरा पाहिली म्हण. नाहीतर मुळीच काही म्हणू नकोस आणि तो मासा घे नावावर."

मामांनी हात पुढे केला. भाचीने पेन दिले. डाव्या हाताच्या बोटाने खाच चाचपत उजव्या हाताने त्यांनी माझ्या रिकाम्या कडेला लिहिले, वाकडेतिकडे, पण शाईने: 'मी पाहिलेल्या सतरा शिरस्त्राणांवर मासा नाही.' खाली सही केली. मग हात तसाच पुढे ठेवून म्हणाले, "खोडरबर आहे का?"

मित्रांनो, ज्याची मला भीती होती तेच आले. भाचीने पर्समधून ते पांढरे खोडरबर काढून त्यांच्या तळहातावर ठेवले. तिने स्वतः माझ्या पेन्सिलीला त्याचे टोकही लावले नाही. ज्याची पेन्सिल त्यानेच खोडायची. मामांनी पहिली ओळ बोटाने शोधली आणि तशीच राहू दिली. दुसरीही राहू दिली. तिसऱ्या ओळीवर त्यांचे बोट थांबले. 'पण माझ्या पाहण्यातही चूक असेल.' तेवढीच त्यांनी खोडली. दोन वेळा घासली, फुंकर मारली, आणि मला भाचीकडे दिले.

चारला पाच मिनिटे कमी असताना आम्ही कार्यालयात पोहोचलो. नोंद दुरुस्त होऊन छापली गेली. 'माशाची कथा एका प्राचीन ग्रंथात सांगितली आहे; प्रस्तुत नोंदकाराने पाहिलेल्या सतरा शिरस्त्राणांवर मात्र मासा आढळला नाही.' भाचीने ती मामांना तीनदा वाचून दाखवली. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "पुन्हा वाच. तू मनाचं काही घालत नाहीस ना?" पण हसत होते.

माझी भावंडे रद्दीच्या गाडीतून गेली. त्यांच्यावरची पेन्सिलही गेली. ती कुणाकुणाची होती, आता कधीच कळणार नाही. त्याचे मला फार वाईट वाटते. मी मात्र मामांच्या टेबलावर आहे. रोज सकाळी ते मी जागेवर आहे ना, हे चाचपून पाहतात. मलाही आता त्याचा राग येत नाही.

एवढेच मागते, मित्रांनो. जुना कागद टाकण्याआधी एकदा तिरक्या उजेडात धरून पाहा. शंका खुशाल घ्या, पण आपल्या डोळ्यांनी पाहिलेले शाईने लिहा. मी त्या मुलीवर उगाच इतका संशय घेतला, तसे करू नका. आणि माझी तिसरी ओळ खोडली असली तरी तिची खाच अजून आहे. माझ्या सांगण्यावर जाऊ नका. बोट फिरवून पाहा.