काळवंडलेली सळई

मित्रांनो, मी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातला एक जुना ऑसिलोस्कोप आहे. डोळ्यांना दिसणार नाहीत असे विजेचे ठोके हिरव्या रेघेने काढून दाखवणे, हे माझे काम. मी नवा होतो तेव्हा माझा थाट काय सांगावा! मला हात लावण्याआधी विद्यार्थी रुमालाला हात पुसत. पुढे सपाट पडद्याची हलकी उपकरणे आली आणि माझी रवानगी कपाटावर झाली. धुळीने माझ्या हवा खेळण्याच्या जाळ्या बुजल्या. मला भंगारात काढायचे ठरलेही होते. पण माझे वजन उचलायला कोणी पुढे येईना, म्हणून मी वाचलो.

मग शेवटच्या वर्षाची एक जोडी आली. मुलगी सारखी 'थांब जरा' म्हणे, म्हणून वर्ग तिला थांबजरा म्हणायचा. तिचा जोडीदार सदा घाईत, म्हणून तो एक्स्प्रेस. नवी उपकरणे इतरांनी आधीच अडवून ठेवलेली, तेव्हा त्यांच्या वाट्याला मी आलो.

तांब्याच्या सळईतून आवाज किती वेगाने जातो, हे त्यांना मोजायचे होते. सळईच्या टोकावर हातोडीचा हलका ठोका द्यायचा. आवाज दुसऱ्या टोकाला आपटून परत येतो. सळईला लावलेला मायक्रोफोन त्याचे विजेचे ठोके करी, माझ्या पडद्यावर दोन शिखरे उमटत आणि त्यांच्यातल्या अंतरावरून वेळ कळे. पण वेग दर वेळी पुस्तकातल्यापेक्षा कमीच भरे.

"हा खटाराच चुकतोय," एक्स्प्रेस वैतागून म्हणाला. "आकडे थोडे वर सरकवू. परीक्षा तोंडावर आली, कोण बघतंय?"

"मी बघतेय ना. थांब जरा. चूक कुणाची ते तरी कळू दे."

तिने शेजारच्या टेबलावरचा नवा भाऊबंद मागून आणला आणि दोघांना एकच ठोका दाखवला. मला धाकधूक नव्हती. दोघांची शिखरे तंतोतंत जुळली.

"मग उरलं कोण?" ती म्हणाली.

उरली सळई. जुनी, काळी पडलेली, वर 'तांबे' अशी चिठ्ठी. तिने सळई मोजली, तोलली. एवढ्या तांब्याचे वजन जास्त भरायला हवे होते. मग तिने एका टोकावर पॉलिशपेपर घासला. आतून लालसर नव्हे, पिवळा धातू चमकला.

एक्स्प्रेस हसत सुटला. "पितळ उघडं पडलं म्हणतात ते हेच गं!" आणि खुर्ची ओढून स्वतःच सगळी आकडेमोड तपासायला बसला. पितळेच्या वेगाशी आकडे चोख जुळले.

परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी चिठ्ठीवर बोट ठेवले. "इथे तांबं लिहिलंय. तुम्ही पितळ म्हणता. कुणाचं खरं मानू?"

"तुम्हीच ठोका देऊन बघा, मॅडम," थांबजरा शांतपणे म्हणाली.

मॅडमनी हातोडी उचलली. माझी शिखरे नेमकी जागच्या जागी उभी राहिली. मॅडमनी अंतर मोजले, हिशेब केला आणि ती चिठ्ठी स्वतःच्या हाताने सोलून काढली.

त्या संध्याकाळी एक्स्प्रेसने ब्रश आणून माझ्या जाळ्या साफ केल्या. मित्रांनो, तुम्हीही माझी बटणे हळू फिरवा, काम झाले की मला झाकून ठेवा. शंका आली तर मला खुशाल तपासा, पण न तपासता खटारा म्हणू नका. आता मी पुन्हा टेबलावर आहे. प्लग लावा, मी तयार आहे.