न धुतलेली गाळणी

सफरचंदाच्या रसाच्या कारखान्यात गाळण विभाग मामांच्या ताब्यात होता, आणि मामांचा या जगात एकाच गोष्टीवर विश्वास होता: कडकडीत कॉस्टिक सोड्याच्या पाण्यावर. रसातलं पेक्टिन, म्हणजे फळाचा चिकट अंश, गाळणीच्या पडद्याला चिकटायचं, दाबाचा काटा चढत चढत जेवणाच्या सुट्टीपर्यंत लाल खुणेला टेकायचा. मग मामा यंत्र थांबवून पडदा असा धुवायचे, की तो बनवणाऱ्यानेही ओळखू नये. तोवर रस ताटकळत राहायचा. यावर दुसरा काही उपाय असेल, असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

ते आलं मामांच्या सख्ख्या भाचीच्या. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं खपून तिने पडद्याच्या अंगावरच पेक्टिन तोडणारं एन्झाइम पक्कं बसवलं होतं. एरवी ते रसात ओततात आणि रसाबरोबर वाहून जातं. हिचं जागचं हलत नव्हतं. पेक्टिन चिकटायच्या बेतात आलं, की तिथल्या तिथे त्याचे तुकडे. मामांना कळलं ते एवढंच, की पाहुण्याने बूड टेकायच्या आत त्याला वाटेला लावणारं कुणीतरी दारात बसवलंय. तसली माणसं त्यांच्या सासुरवाडीला होती, त्यामुळे विश्वास बसला.

चाचणीसाठी तिच्याकडे दोनच पडदे होते. पहिला बसवण्याआधी ती कारखान्याच्या साहेबांना भेटायला वर गेली, आणि पोरीला तेवढीच मदत म्हणून मामांनी तो कॉस्टिकने लखलखीत करून ठेवला. जेवणाच्या सुट्टीला काटा लाल खुणेवर हजर. साहेबांनी बजावलं, उद्या दुसराही असाच निघाला तर सामान आवरा. आपल्या धुण्यात तर काही कमी पडलं नव्हतं, असं मामांनी वर अभिमानाने सांगितलं.

भाचीने कॉस्टिकच्या व्हॉल्व्हकडे पाहिलं. मग म्हणाली, “मामा, माझे कामगार होते ते. तू त्यांना उकळलंस.”

मामांना त्या दिवशी डबा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्यांनी कॉस्टिकच्या व्हॉल्व्हचं चाक काढून तिच्या हातात दिलं. “पिशवीत ठेव. माझ्या हातांचा मला भरवसा नाही.”

दुसरा पडदा बसवून यंत्र सुरू झालं. काटा थोडा चढला, आणि मग जेवून सुस्तावलेल्या माणसासारखा तिथेच बसला. सुट्टी झाली, संपली. रस नितळ वाहत राहिला. साहेब खाली आले. काटा अडकलाय की काय म्हणून त्यांनी काचेवर टिचक्या मारून पाहिल्या. अडकला नव्हता. असेच आणखी पडदे किती दिवसांत होतील, असं त्यांनी तिला विचारलं, तेही ‘मॅडम’ म्हणून.

मामा पडदा बसवलेल्या नळीकडे बघत राहिले. जन्मभर आपण भिंत खरवडत बसलो. या पोरीने भिंतीलाच दात बसवले.

पाळी संपताना पडदा नुसत्या कोमट पाण्याने खळबळायचा होता. भाचीने चाक पुढे केलं. मामांनी ते घेतलं नाही.

“राहू दे तुझ्याकडे. कोमट म्हणजे किती? बाळाच्या आंघोळीइतकं?”

“जरासं कमीच.”

मामांनी बाही वर सारली आणि बादलीत कोपर बुडवून पाहिलं.