मिशीसकट

कंगवा अजून खिशातच होता. काळा, एक दात तुटलेला, तेलकट... बोटांना लागला आणि सोमेश्वरला स्वतःचंच हसू आलं — आता काय विंचरणार आहेस रे बाबा? जीप सुटायची होती, जीपवाला बाबूसिंग बाहेर उभा राहून गोरेगाव, गोरेगाव ओरडत होता, आणि कानामागून, मानेवरून, जिथं आजवर कधी शिरला नव्हता तिथून वारा शिरत होता. चाळिशीला आलेल्या माणसाला स्वतःचं डोकं आज पहिल्यांदा हाताला लागावं म्हणजे कमालच झाली. मागच्या बाजूला एक लहानसा खड्डा आहे. कुणी कधी सांगितलं नाही.

तासाभरापूर्वी हिंगोलीतल्या हॉलमध्ये एकतीस खुर्च्या मांडल्या होत्या. जितक्या जणांचा गोटा होईल तितक्यांच्या नावानं व्यापारी मंडळी कॅन्सरच्या रोग्यांना मदत करणाऱ्या मंडळाला देणगी देणार, असं ठरलं होतं. शाळेतून नाव देणारे सोमेश्वर सर एकटेच. टाळ्या, फोटो, उन्हानं डोकं भाजू नये म्हणून प्रत्येकाला एक पांढरा पंचा... पण खरं सांगायचं तर त्यानं नाव दिलं ते मंडळासाठी नव्हे. नांदेडच्या दवाखान्यात तिसऱ्या केमोनंतर अण्णांनी, त्याच्या वडिलांनी, बेसिनवरच्या आरशाकडे पाठ केली ती कायमची. गोरेगावच्या बाजारात ज्यांची मिशी लांबून ओळखू यायची ते तातेराव — डोक्यावरचे सगळे गेले, मिशी तेवढी विरळ होऊन का होईना, तग धरून होती. तेव्हा वाटलं होतं, आपणही गोटा करावा, त्यांच्या समोर जाऊन बसावं, म्हणावं, अण्णा, बघा, दोघं सारखे.

मायला सांगितलं नव्हतं. ती नकोच म्हणाली असती. बाप जिवंत असताना पोरानं... जाऊ दे. बी.एड. झालेल्या माणसानं असल्या गोष्टी मनात आणू नयेत, असं त्यानं स्वतःला बजावलं होतं आणि खुर्चीत बसला होता.

बाबूसिंग स्टिअरिंगवर येऊन बसला, वळून त्याच्याकडे बघितलं आणि हात लांबवून गाणं बंद केलं. मग पुढच्या सीटवरच्या माणसाला मागे पाठवून म्हणाला, या सर, इकडं बसा. भाडं काढलं तर घेईना. सोमेश्वरला बरं वाटलं — म्हणजे बातमी पोचली तर, लोकांना कदर आहे म्हणायची! मागच्या दोन बायका बोलायच्या थांबल्या होत्या, तेही त्यानं आपल्या मोठेपणातच धरलं. काय हा माणूस, काय ह्याची अक्कल.

सेनगाव मागे पडलं तेव्हा ओठावर घाम आला. पंच्यानं पुसला, आणि पंचा सरळ घसरत गेला. बोट लावलं. गुळगुळीत. मिशी नव्हती.

कोंडीबा... कोंडीबानं! आपण डोळे मिटून बसलो होतो, वस्तरा मानेवरून फिरत होता, गार बरं वाटत होतं, अण्णांना काय वाटेल हेच मनात घोळत होतं, आणि तो सत्तरीचा न्हावी... हयात गेली त्याची नदीकाठी दगडावर बसून लोकांचे गोटे करण्यात, ज्याचा बाप जातो त्याचा, डोकं झालं की मिशी, त्यात विचारायचं काय? हात आपोआप ओठावर आला असणार. त्याला मंडळ कुठलं आणि देणगी कुठली.

मग सगळं उलगडलं. बंद झालेलं गाणं, पुढची सीट, न घेतलेलं भाडं, खांद्यावरचा पांढरा पंचा. तेवढ्यात बाबूसिंगनं डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला, रस्त्यावरची नजर न काढता हळूच म्हणाला, "सुटले म्हणायचं, सर. लई तकलीफ काढली अण्णांनी."

चार शब्द तर होते. अरे, अण्णा चांगले आहेत. ओठापर्यंत आलेही... मला लाज वाटली. इतक्या लोकांसमोर काय सांगायचं, हौसेनं केलंय? मिशी चुकून गेली? हसले असते. गोरेगावात उतरलो की बाजूला घेऊन सांगू, असं म्हणत सोमेश्वर गप्प बसला, अर्धा तास गप्प बसला, आणि बाबूसिंगचा हात गिअरसाठी निघाला की परत खांद्यावर यायचा, जड, गरम. गेल्या आठ महिन्यांत असा कुणी हात ठेवला नव्हता. उतरताना मात्र बाबूसिंगला गिऱ्हाइकांनी घेरलं होतं, सांगणं राहूनच गेलं.

आधी घरी फोन करावा म्हणून मायला लावला. बंद. सकाळपासून बंदच होता, लाईट नसेल.

माय, शकुबाई, दारात बसून सुपात तूर निवडत होती. पाऊल वाजलं तशी तिनं वर पाहिलं. आधी डोकं, मग ओठ, मग पंचा. सूप खाली ठेवलं. एक दाणा सांडू न देता ठेवलं. मग पदराचं टोक घेतलं आणि कपाळ पुसलं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. रडली नाही, ओरडली नाही.

"किती वाजता?" तिनं विचारलं.

तो उभा.

"तिकडंच उरकलं तुमी? मला न दाखवता?"

"न्हाई गं, माय... न्हाई!" मग बांध फुटल्यासारखा तो बोलत सुटला, मंडळ, देणगी, कोंडीबा, मिशी, सगळं एकात एक, आणि तिचा चेहरा काही बदलेना, तिला खरं वाटेना, म्हणून त्यानं दवाखान्यात अण्णांपाशी राहणाऱ्या बहिणीला, प्रियंकाला, व्हिडिओ कॉल लावला. काय करून बसलो मी हे! पडद्यावर उशी आली, मग अण्णा.

अण्णांनी दोघांना बघितलं. पोराचं भादरलेलं डोकं, बायकोचं मोकळं कपाळ. बराच वेळ बघत राहिले. फोन बंद पडला की काय असं वाटण्याइतका वेळ. आपण गेल्यावर घर कसं दिसेल ते त्या माणसाला आज नांदेडला पडल्या पडल्या दिसलं, आणि ते दाखवलं मी.

"मिशी काहून काढली रे?" बारीक आवाजात त्यांनी विचारलं. त्यानं सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं, श्वास घेतला. "बरं. आन सोमाच्या मायनं कोनत्या मंडळात नाव देलं?"

शकुबाईच्या तोंडून हसू निघालं की हुंदका, ते तिलाही कळलं नसावं. ती उठून आत गेली. आली तेव्हा कपाळावर कुंकू होतं, रोजच्यापेक्षा मोठं. अण्णांनी ते पाहिलं, मान हलवली आणि दमलो म्हणाले. फोन बंद झाला.

झालं, मिटलं, असं सोमेश्वरला वाटलं. तो उंबऱ्यावर टेकला. मायनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं, तुरीतले खडे वेचू लागली. एक खडा, दोन खडे.

"सोमा," ती म्हणाली, "म्या किती वाजता म्हनून इचारलं. तू लगेच न्हाई काहून म्हनला न्हाईस?"

घाबरलो होतो, म्हणणार होता. सुचलं नाही, म्हणणार होता. पण तसं नव्हतं, सुचलं होतं — तिनं विचारलं त्याच क्षणी सुचलं होतं. पहाटे, पावणेपाचला. वेळ तयार होती, जिभेच्या टोकावर, केव्हापासून कोण जाणे... दवाखान्याच्या बाकड्यावर बसल्या बसल्या मी ती कधी ठरवून टाकली होती? आणि जीपमध्ये तो हात खांद्यावर पडला तेव्हा लाज नव्हती वाटली रे, हलकं वाटलं होतं.

हात खिशात गेला होता. कंगव्याचा तुटलेला दात अंगठ्याला बोचत होता, आणि तो दाबतच राहिला. माय मान वर न करता तूर निवडत होती, आणि उत्तराची वाट बघत होती.