फळ्यावरचा ऑक्टोपस

"हे तूच लिहिलंस!" भाऊरावांनी जिन्याखालच्या फळ्यावर बोट ठेवलं.

सोसायटीचा सेक्रेटरी नितेश हेल्मेट हातात घेऊन थांबला. "काका, मी कशाला लिहू? मला ऑफिसला उशीर होतोय ना."

'ठाऊक आहे का?' या मथळ्याखाली लिहिलं होतं, शुक्रावरचा एक दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो. माहिती खरी होती. अक्षरही जवळजवळ भाऊरावांचंच. पण पहाटे त्यांनी लिहिलं होतं ते वेगळंच, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात म्हणून!

जोगेश्वरीच्या त्या चार मजली इमारतीत भाऊराव बावीस वर्षं रोज एक नवलाची गोष्ट लिहीत आले होते. पार्ल्याच्या कॉलेजात ते ग्रंथालयात शिपाई होते. प्राध्यापकांना पुस्तकं काढून देता देता निम्मी त्यांनी स्वतःच वाचली, वह्याच्या वह्या भरल्या. शाळेला निघालेली पोरं थांबून फळा वाचत. निवृत्त माणसाला एवढा मान पुष्कळ होतो. हा मानच नितेशच्या डोळ्यांत खुपत असणार. 'फळा काढू, सगळं ग्रुपवर टाकू,' असं मागच्या मीटिंगला म्हणाला होता तो. आठवड्यात तिसऱ्यांदा माहिती बदलली होती आणि हल्ली पठ्ठ्या नजर चुकवत होता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

"मला घालवायचा डाव आहे," भाऊराव घरी येऊन म्हणाले.

जयाबाई भाकरी थापत होत्या. "जाऊ दे ना हो. लिहिलंय ते खरंच आहे ना?"

"खरं असेल. पण माझं नाही!"

जयाबाईंनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाऊरावांनी फळा लिहिला आणि मीटरच्या खोलीत दाराआड उभे राहिले. आज रंगेहाथ पकडायचाच.

थोड्या वेळानं जिन्यावर चपला वाजल्या. आल्या त्या जयाबाई. हातात ओलं फडकं, काखेत भाऊरावांची जुनी वही. त्यांनी फळा पुसला आणि वहीत बघून एकेक अक्षर गिरवायला लागल्या. शाळा पाचवीत सुटलेली बाई ती.

पाठोपाठ नितेश उतरला. "काकू, आज पण तेच?"

"हो रे. परत ऑक्टोपस. चौथ्यांदा."

"लिहा तुम्ही. कोणी आलं तर मी बोलत उभा राहतो."

"काल तुला नाही नाही ते बोलले. मनावर घेऊ नको, बाबा. त्यांना हे कळलं तर खचतील रे."

भाऊराव दाराआड आठवू लागले. काल काय लिहिलं होतं? ऑक्टोपस. परवा? परवाचं काही केल्या आठवेना. आता संशय घ्यायला एकच माणूस उरला होता आणि तो दाराच्या अलीकडे उभा होता. त्यांना फार भीती वाटली.

ते घरी आले तेव्हा जयाबाई चहा गाळत होत्या. बोटांना खडू लागलेला.

"सापडला का हो चोर?"

"नाही." त्यांनी कप घेतला. "नितेश नाही तो. उगाच बोललो पोराला."

पुढच्या पहाटे भाऊराव खाली गेले. पेपरात तीनदा बघून फळ्यावर तारीख घातली. खाली वळणदार अक्षरात 'ठाऊक आहे का?' लिहिलं. त्याखालची जागा मोकळी सोडली. मग जयाबाईंचा हात पोचेल अशा बेतानं खडू जिन्याच्या कठड्यावर ठेवला आणि सावकाश वर निघाले.