पस्तीस ठोके

“विचारा, काय विचारायचं ते,” मामा म्हणाले. हातातली सळई थांबली नाही. “माझं तोंड वेगळं, हात वेगळा. हात त्याचं त्याचं मोजतो.”

मी रेकॉर्डर सिमेंटच्या पोत्यावर ठेवला. साच्यात माल नीट बसत नसला तर त्याला तुम्ही काय म्हणता, असा माझा त्या दिवशीचा प्रश्न होता.

“रुसला म्हणतो मी. आता हाच बघा ना. सळई घातली की अडते, काढली की भोक तसंच. अंगच सोडत नाही. ह्याला चुचकारावं लागतं.”

मी कार्डावर लिहून घेतलं : रुसणे, क्रियापद, काँक्रीटसंबंधी. घबाड मिळाल्यासारखा मनातल्या मनात खूशही झालो. समोर काचेवर संशोधन करणारी मुलगी, आमची काचवाली, थापीनं साचा भरत होती. तिचे डोळे लाल होते आणि ती आमच्यापैकी कुणाशीच बोलत नव्हती.

मामा म्हणजे विद्यापीठाच्या स्थापत्य विभागातले प्रयोगशाळा परिचर. सव्वीस वर्षं ते काँक्रीटचे ठोकळे पाडत आले आहेत. वीतभर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच ठोकळा. माल तीन थरांत भरायचा आणि प्रत्येक थराला सळईचे पस्तीस ठोके द्यायचे. चौतीस नाहीत, छत्तीस नाहीत. मग ठोकळा अठ्ठावीस दिवस पाण्याच्या टाकीत ठेवायचा आणि मशीनमध्ये घालून फुटेपर्यंत दाबायचा. सगळ्यांच्या ठोकळ्यांना ठोके सारखे पडले, तरच कोणाचा माल चांगला आणि कोणाचा वाईट हे कळणार. ठोक्यांचं काम करणारं थरथरतं टेबल विभागात होतं, पण ते दोन वर्षांपूर्वी बंद पडलं. दुरुस्तीचा कागद वर गेला तो अजून खाली आलेला नाही. तेव्हापासून सगळ्या विभागाची भिस्त मामांच्या उजव्या हातावर.

माझा विषय होता कामाच्या जागी बोलले जाणारे शब्द. तो ऐकून मामा म्हणाले होते, “म्हणजे बोलायचं आम्ही आणि डॉक्टर व्हायचं तुम्ही!” पण नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. प्राणिशास्त्राचा एक जण मुंग्या वाट कशी शोधतात ते बघत होता. त्याला मामांनी बारीक बोळांची लादी पाडून दिली. म्हातारी माणसं जिना कशी चढतात हे मोजणारी एक मुलगी होती. तिच्यासाठी मामांनी फुटक्या ठोकळ्यांच्या पायऱ्या रचल्या, एकीपेक्षा एक बोटभर उंच. तिच्या प्रबंधातले पहिले गुडघे मामांचेच आहेत. आमची नावं मामांनी कधी लक्षात ठेवली नाहीत. मुंग्यावाले, जिनेवाली, काचवाल्या ताई, आणि मी टेपवाले. टेप जाऊन रेकॉर्डर आला, तरी मी टेपवालाच राहिलो.

काचवाली फुटक्या बाटल्यांची पूड करायची आणि काँक्रीटमधल्या सिमेंटचा पाचवा हिस्सा काढून त्याजागी ती घालायची. बाटल्यांचे डोंगर कमी होतील, सिमेंट वाचेल, असा सगळा विचार. पण ठोकळा पास व्हायला मशीनच्या काट्यानं पंचवीसचा आकडा ओलांडावा लागतो. तिचे ठोकळे एकदा एकोणीसला फुटले, एकदा वीसला.

तिसऱ्यांदा माल कालवायच्या दिवशी सकाळी तिचे सर प्रयोगशाळेत आले. मी होतो, मामा होते, एम.टेक.ची चार पोरं होती. सगळ्यांदेखत सर म्हणाले, “बाटल्या गोळा करून भंगारवाल्याचं तरी पोट भरतं. तुमचं काय? या वेळी पंचवीस आलं नाही, तर विषय बदला.” तीन वर्षांचं काम होतं. तुलनेसाठी लागणारे साधे, बिनकाचेचे ठोकळे तिनं आधी भरून घेतले, मग काचेचे. त्याच वेळी मी मामांना शब्द विचारत होतो.

अठ्ठावीस दिवसांनी काटा सत्तावीसवर गेला.

काचवालीनं मशीनलाच मिठी मारली. बिस्किटांचे पुडे आणले, सगळ्यांना वाटले. सर “बघा, जमतं की!” असं म्हणाले, जणू काही रागावण्यानंच सिमेंट घट्ट होतं. मंगळवारी समितीपुढे तिचं सादरीकरण ठरलं. मामांनी एक बिस्किट खाल्लं, एक खिशात टाकलं आणि मशीन पुसायला लागले. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

शनिवारी मी खोलीवर त्या दिवसाचं रेकॉर्डिंग उतरवून काढत होतो. आमच्या कामात बोलण्यातल्या थांब्यांच्याही खुणा कराव्या लागतात, आणि मामांचे थांबे मोजायला मी त्यांच्या सळईचे ठोके धरायचो. घड्याळासारखे नेमके असायचे ते. साध्या ठोकळ्यांचे पस्तीस, पस्तीस, पस्तीस. मग काचेचे आले. अठ्ठेचाळीस. मला वाटलं, मीच चुकलो. पुन्हा ऐकलं. अठ्ठेचाळीस. पुढचा थर एक्कावन्न. त्याच्या पुढचा त्रेपन्न.

मी हेडफोन काढून ठेवला. यातलं मला फारसं कळत नाही, पण एवढं कळत होतं, की साध्या ठोकळ्यांना पस्तीस आणि काचेच्यांना त्रेपन्न ठोके मिळाले असतील, तर ते सत्तावीस काचेचे नाहीत, मामांच्या हाताचे आहेत. खरं सांगतो, गप्प बसावं असंच मला आधी वाटलं. कोण ऐकणार आहे ते रेकॉर्डिंग? माझे परीक्षकसुद्धा ऐकणार नाहीत.

तरी रविवारी दुपारी मी मामांच्या घरी गेलो. विद्यापीठाच्या मागच्या बाजूला कर्मचाऱ्यांच्या दोन खोल्यांच्या घरांची रांग आहे, तिच्यातलं शेवटचं घर. मामी खिडकीशी बसून शिवणाच्या कपड्यांना काजं करत होत्या. मामांना वाटलं, आणखी शब्द हवेत. मी रेकॉर्डर त्यांच्यापुढे ठेवला आणि सुरू केला.

आधी ते स्वतःचा आवाज ऐकून हसले. मग त्यांचं बोट गुडघ्यावर आपोआप चालायला लागलं. पस्तीसपर्यंत चाललं, आणि ठोके थांबले नाहीत तसं ते बोट हवेतच राहिलं.

“परत लावा,” मामा म्हणाले.

मी परत लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच लावलं.

“त्रेपन्न,” ते म्हणाले. “मला ठाऊक नव्हतं हो टेपवाले. शपथेवर सांगतो. मी पस्तीसच दिले असं मला आत्तापर्यंत वाटत होतं.”

मामींनी सुई बाजूला ठेवली. “मला काही नवल वाटत नाही. आमची लेक लहानपणी खोकायची, तेव्हा डॉक्टर एक चमचा औषध सांगायचे आणि हे दीड द्यायचे. का, तर बिचारी फार खोकते. ह्यांच्या हाताला मोजता येतं हो, पण समोर कुणी रडत नसलं तरच.”

मामा हसले नाहीत. उजवा हात उलटासुलटा करून बघत राहिले. “पोरांना मी काय सांगतो? तोंडावर विश्वास ठेवू नका, हातावर ठेवा.”

मला ते बघवेना. मी म्हणालो, “मामा, हे पुसून टाकता येईल. आपल्या तिघांशिवाय कुणालाच माहीत नाही.”

“आणि ताई ते छापतील. ते वाचून कुणीतरी घर बांधेल. तिथं ठोके द्यायला मी जाणार आहे का?” मामा उठले. “उद्या सकाळी मीच सांगतो. तुम्ही फक्त बरोबर या. मला धीर राहायचा नाही.”

सोमवारी काचवाली सादरीकरणाची चित्रं संगणकावर लावत होती. मामा तिच्या टेबलापाशी उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. चार वाक्यांत त्यांनी सगळं सांगितलं. तीन वेळा माफी मागितली.

तिनं खुर्ची मामांकडे वळवली. मग म्हणाली, “मी मागितलं होतं का मामा?”

“नाही ताई.”

“माझी दया आली म्हणून केलंत?”

“हो. म्हणजे, हातानं केलं. पण हात माझाच.”

“लोक पाडून बोलतात ते परवडलं,” ती म्हणाली आणि संगणक बंद करून निघून गेली. मामा तिथंच उभे राहिले. नंतर सरांच्या खोलीत गेले आणि तिथंही तेच सांगून आले. सर काय म्हणाले ते मामांनी मला कधी सांगितलं नाही. पण बाहेर आल्यावर ते दोन ग्लास पाणी प्यायले.

मला राहवेना. काचवाली ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसली होती. मी तिला ते कार्ड नेऊन दिलं. दुसरं देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच. रुसणे, क्रियापद. खाली मामांचं वाक्य : सळई घातली की अडते, काढली की भोक तसंच.

तिनं ते दोनदा वाचलं. “हे कधीचं?”

“त्याच दिवशीचं.”

चारच्या सुमाराला ती वही घेऊन प्रयोगशाळेत आली. सादरीकरण पुढे ढकलायचा अर्ज तिनं स्वतःच देऊन टाकला होता आणि सरांकडून दोन महिन्यांची मुदत घेतली होती. दोन महिने, शेवटची संधी. बादली उलटी करून ती मामांसमोर बसली.

“रुसला म्हणजे नक्की काय होतं, ते सांगा.”

मामा चाचरले. “ताई, मी काय सांगणार...”

“सांगा मामा. मी रागावले आहे, पण सांगा.”

मग मामांनी सांगितलं. काचेची पूड घातली की माल कोरडा पडतो, आखडतो. पस्तीस ठोक्यांत खाली बसत नाही, आत हवेच्या पोकळ्या राहतात. ठोकळा फुटला की त्या दिसतात, मोहरीएवढ्या. काच वाईट नाही, माल नीट बसतच नाही. पाणी वाढवलं तर ताकद जाईल, म्हणून पाणी न वाढवता माल सैल करायला हवा.

काचवालीचं पेन थांबलं. “हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“पहिल्या खेपेपासून.”

“मग बोलला का नाहीत?”

“विचारलं नाही कुणी,” मामा म्हणाले. “टेपवाल्यांनी विचारलं, पण त्यांना नुसता शब्द हवा होता.”

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. दुसरं काय करणार?

पाणी न वाढवता माल सैल करणारं एक रसायन मिळतं, ते तिनं आणलं. पूड आणखी बारीक दळली. आठवडाभर ती आणि मामा छोट्या घमेल्यांत माल कालवत होते. ती आकडे मांडायची, मामा थापीनं माल उचलून खाली सोडायचे आणि मान हलवायचे. सातव्या घमेल्याला म्हणाले, “आता बोलायला लागला.”

ठोकळे पाडायच्या दिवशी प्रयोगशाळेत नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. मुंग्यावाला आला होता, जिनेवाली आली होती. मामांनी कुणाशीही गप्पा मारल्या नाहीत. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ते मोठ्यानं मोजत होते. “एक, दोन, तीन...” शाळेतल्या मुलासारखे, स्पष्ट. पस्तीस म्हणून झालं आणि सळई सवयीनं पुन्हा वर गेली. मामांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि सळई खाली आणली. काचवालीनं ते पाहिलं. पुढचा थर भरताना ती हलकेच म्हणाली, “मी मोजते मामा. तुम्ही नुसते ठोका.”

मग अठ्ठावीस दिवस. त्यांत कुणालाच काही करता येत नाही, पाणीच काय ते करतं. काचवाली रोज टाकीपाशी येऊन उभी राहायची. मामा म्हणायचे, “बघून लवकर पिकत नाहीत ते.” ती आता हसायला लागली होती.

फोडायच्या दिवशी पहिला ठोकळा चोवीसला गेला. सर दाराशी उभे होते, हाताची घडी घालून. दुसरा सव्वीसला गेला, तिसरा सव्वीसच्याही थोडा पुढे. तिघांची सरासरी काढायला तिला कागद लागला नाही, पण तिनं कागदावर काढली, दोनदा, आणि मग कागद मामांपुढे धरला. पंचवीस पूर्णांक चार.

“सत्तावीसपेक्षा कमीच,” मामा म्हणाले.

“पण माझे आहेत,” ती म्हणाली. मग म्हणाली, “आपले.”

या वेळी बिस्किटं सरांनी मागवली. टेबलाच्या दुरुस्तीचा कागद कुठे अडलाय, हेही त्यांनी मामांना पहिल्यांदाच विचारलं. टेबल अजून आलेलं नाही, पण कागद हलला म्हणतात.

मी माझ्या प्रबंधात एक नवं प्रकरण घातलं आहे. शब्दांबरोबर ते शब्द बोलणाऱ्याला काय ठाऊक असतं, याविषयी. माझे सर म्हणतात, विषय जरा भरकटतोय. भरकटू दे.

तिसऱ्या खेपेचे तीन ठोकळे टाकीत तसेच उरले होते, वर्षानं फोडायचे म्हणून ठेवलेले. ती खेपच रद्द झाल्यावर काचवालीनं ते टाकून द्यायला सांगितले. दोन टाकले. एक मामांनी ठेवून घेतला. प्रयोगशाळेचं जड दार वाऱ्यानं आपटायचं, त्याला टेकण म्हणून तो आता दाराशी असतो. वर लाल रंगात आकडा घातला आहे, ५३.

परवा या वर्षीची नवी मुलगी आली. विटांवर काहीतरी करणार आहे. आत येताना तिला त्या ठोकळ्याची ठेच लागली. “मामा, हा फोडायचा राहिलाय का?” तिनं विचारलं.

“नाही. तो कुणाच्या प्रयोगातला नाही, तो माझा आहे,” मामा म्हणाले. मग त्यांनी उलटी बादली तिच्याकडे सरकवली. “बसा विटावाल्या ताई. आणि माल कालवायच्या आधी मला विचारा.”