शनिवारचं नाक

"मॅडम, नुसता वास घेऊनसुद्धा चढते का?"

हा प्रश्न माझा नाही. काजल आणि प्रीतीने शाळेत डबा खाताना पैज लावली होती, की सगळ्यांसमोर हे विचारून दाखव, मग मानू तुला. मी विचारलं. मागच्या वर्षीपर्यंत हजेरीला 'प्रेझेंट मॅडम'सुद्धा मी मान खाली घालून पुटपुटायचे. आता बघा.

वरचा हॉल हसला. रामदासपेठेत आमची खानावळ आहे. खाली थाळी, वर हॉल. दर शनिवारी संध्याकाळी बाबा वर वाइन चाखायचा कार्यक्रम ठेवतात. कामिनी मॅडम नाशिककडच्या एका कंपनीच्या पांढऱ्या वाइनच्या बाटल्या आणतात, आई त्यासोबत वऱ्हाडी पदार्थ करते. आणि मी नाक.

ते असं झालं. पहिल्या शनिवारी मी पाण्याचे ग्लास ठेवायला वर गेले होते. मॅडम पाहुण्यांना विचारत होत्या, हा वास कशाचा. कोणी लिंबू म्हणे, कोणी अत्तर. माझ्या तोंडून निघून गेलं, "कच्च्या पेरूच्या सालीचा. आणि सिमला मिरची चिरताना येतो ना, तसा थोडा." मॅडम बघतच राहिल्या. टाळ्या पडल्या. मला असं वाटलं, जणू ती वाइन मीच बनवली.

मग बाबांनी जाहिरातच केली, 'आमची वेदिका वास सांगते, तुम्ही चाखा.' मला काळा कुर्ता शिवला आणि माझा शनिवार गेला. मैत्रिणी फुटाळा तलावावर फिरतात, मी भिंत आणि लांब टेबल यांच्या मधल्या फटीत उभी. पाठीशी बर्फाची बादली, समोर लोकांचे मोबाइल. बाहेर पडायचं तर अख्खी रांग उठवावी लागते.

"वासानं नाही चढत," कामिनी मॅडम म्हणाल्या. "पण तुझ्या वयाला वासच पुरे."

"काहून पुरे?" धर्मेंद्रकाका म्हणाले. हे बाबांचे जुने मित्र. दर वेळी नवीन पाच-सहा जण घेऊन येतात, म्हणून बाबा त्यांना कशालाच नाही म्हणत नाहीत. "इतके दिवस वास घेऊन राहिली पोरगी. आज एक घोट घेऊन सांग ना वं. कशासंग काय जाते, ते चाखल्याबिगर कसं समजन?"

"मले समजते, काका," मी म्हटलं. "सावजी रश्श्यासंग घ्याल तर कडू लागन, मसाला हिले खाऊन टाकते. सांबारवडीसंग घ्या. आतमधी हिरवा सांबार, खसखस, खोबरं, थोडी आंबटी. हिचा वासही तसाच हिरवा आहे."

सांबार म्हणजे आमची कोथिंबीर, हे पुण्याकडच्या पाहुण्यांना वेगळं सांगावं लागतं. पण आज कोणाला वडी नको होती.

"बोलते तर मस्त," कोणीतरी म्हणालं. "आता घोट." मग सगळेच घोट, घोट करायला लागले. मोबाइल वर झाले.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी एवढंच म्हणावं, लहान आहे, जाऊ द्या. बाबा धर्मेंद्रकाकांकडे पाहत होते.

"एका घोटानं काय होते वं," बाबा म्हणाले. "घे. लोक वाट पाहून राहिले."

दारात आई वड्यांचं ताट घेऊन उभी होती. आई वर्ध्याची. तिथे जिल्हाभर दारूबंदी, आणि आमच्या वरच्या हॉलमध्ये काय चालतं ते तिने माहेरी अजून सांगितलेलंच नाही. ती ताटातल्या वड्या सारख्या करत राहिली. तिच्याजवळ पळून जावंसं वाटलं, पण मधे टेबल होतं.

मी ग्लास उचलला. ओठ घट्ट मिटले, वाइन वरवर लागू दिली, घसा हलवला. मग वासावरून जे आधीच माहीत होतं तेच डोळे मिटून सांगितलं. आधी आंबट, मागून पेरू, खोबऱ्यासोबत गोडसर. टाळ्या नेहमीपेक्षा जोरात पडल्या. काका म्हणाले, "आता खरी झाली." आणि बाबांनी लगेच जाहीर केलं, पुढच्या शनिवारी वेदिका लालवालीही चाखून सांगणार.

एक थेंबही न पिता मी पिणारी झाले होते. आता दर शनिवारी आणखी मोठा घोट मागणार होते लोक.

पाहुणे गेल्यावर खाली स्वयंपाकघरात आईने माझं तोंड हुंगलं. "घेतली काय?"

"नाही. ओठ मिटले होते."

"मंग सरळ नाही म्हणायले काय झालं होतं तुले?"

"तू तरी काहून बोलली नाही?"

आईने नळ सोडला आणि ताट घासायला घेतलं. तेवढ्यात बाबा आत आले. त्यांनी ऐकलं होतं.

"घेतलीच नाही?" ते हसले. "अन् कोणाले समजलंही नाही. मस्त झालं. असंच करत जाय दर वेळी."

"बाबा," मी म्हटलं. आईने नळ बंद केला. "पुढच्या शनिवारपासून मी वर येत नाही. कोणत्या बाटलीसंग काय वाढायचं, ते खाली वास घेऊन आईले सांगीन. लोकांसमोर नाही. जाहिरातीतून माझं नाव तुम्ही काढा. नाही काढलं, तर धर्मेंद्रकाकाले मीच फोन करते अन् सांगते, की आज मी काहीच प्याली नव्हती."